खाराची माती आणि पाण्याची वाट



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींनी खाडीकाठच्या शाळांत आयुष्य वेचले. त्यांच्यासमोर भाताचा, बांधाचा आणि चिखलाचा विषय काढायला संकोच वाटला नसता, म्हणून आज तोच विषय घेऊन आलो आहे. धरमतरच्या खाडीपासून खाली राजपुरीपर्यंत असे किती तरी खार आहेत, जिथे बांधाला खांड पडली, भरतीचे पाणी आत आले आणि शेती सुटली. या जमिनींचे पुढे काय करायचे? काहींना तिथे पुन्हा भात पिकवायचा आहे. तो मार्ग सन्मानाचाच आहे आणि त्यासाठी पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने खारे सोसणारी भाताची वाणे दिली आहेत. काहींना मात्र तिथे पाणथळ जागा परत उभी करायची आहे, कांदळवन यायला हवे आहे. मी आज या दुसऱ्या मंडळींशी बोलणार आहे. त्यांच्याकडे उत्साह मोठा आहे, निधीही येऊ लागला आहे, आणि जागेची तपासणी मात्र तोकडी पडते आहे.

रोपवाटिकेतून रोपे आणायची, ओहोटी पाहून चिखलात ओळीने खोचायची, फलक लावायचा. दोन पावसाळ्यांनी जाऊन पाहावे तर काठ्या उभ्या असतात, रोपे नसतात. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : त्या जागेची माती आणि तिथली पाण्याची ये-जा समजून घेतल्याशिवाय तिथे एकही रोप लावू नये. आणि ती नीट समजली, तर बहुतेक ठिकाणी रोप लावायची गरजच उरत नाही.

आधी खार म्हणजे काय घडवलेले असते ते पाहू. खाडीच्या काठाला भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कांदळवन आणि चिखलठाण होते. तिथे लोकांनी बाहेरून मातीचा बांध घातला, खाडीच्या ओहोळांवर उघाडी बसवली. उघाडीची लाकडी झडप ओहोटीला बाहेरच्या अंगाला उघडते आणि आतले पावसाचे पाणी जाऊ देते. भरती आली की खाडीचे पाणीच तिला दाबून बंद करते. कोकणात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार-सहा पावसाळे या पावसाने वरचे मीठ धुऊन नेले की भात उभा राहतो. जुन्या कुलाबा जिल्ह्यात हे बांध घालण्याचे आणि राखण्याचे काम शिलोत्रीदारांकडे होते, त्याबदल्यात त्यांना जमिनीत हक्क मिळत. गावकरी जोळ पद्धतीने एकत्र येऊन बांधाची डागडुजी करत. १९५५ च्या कायद्याने शिलोत्री हक्क संपले, त्याआधी १९४८ मध्ये खारजमिनींचा कायदा आला होता आणि १९७९ मध्ये महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा झाला. बांधाची जबाबदारी सरकारकडे गेली, आणि जोळ हळूहळू विस्कटली. हा इतिहास मी उगाच सांगत नाही. बांध कधी घातला, कितीदा फुटला, उघाडी कुठून कुठे हलवली, हे ज्याला ठाऊक नाही त्याला आतल्या मातीचे थर उलगडत नाहीत.

बांध घातला त्या दिवसापासून आतल्या जमिनीची पातळी बदलू लागते. बाहेरच्या कांदळवनात प्रत्येक भरती थोडा गाळ ठेवून जाते, मुळे वाढतात, जमीन वर वर येत राहते. आतली जमीन त्या गाळाला मुकते. शिवाय ती वाळते, आकसते, तिच्यातले सेंद्रिय द्रव्य हवेच्या संपर्काने जळून जाते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेतीनंतर बांधाच्या बाहेरचे तिवर उंचावर आणि आतले भाताचे वाफे खोलात, असे चित्र दिसते. बांधावर उभे राहून दोन्हीकडे नीट पाहिले तर साध्या डोळ्यांनाही हा फरक कळतो. आता अशा ठिकाणी कोणी म्हणाले की बांध फोडा, निसर्ग आपोआप परत येईल, तर काय होईल? पाणी येईल, ते आत भरून राहील, आणि जिथे कांदळवन हवे होते तिथे उथळ तळे होईल. तळे वाईट असते असे नाही, त्यात जिताडा पोसला जातो, बगळे उतरतात. पण आपण कबूल केले होते ते हे नव्हे.

म्हणून पहिली तपासणी उंचीची. यात एक घोटाळा इतका सर्रास होतो की त्यावर थोडे थांबतो. बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातली उंची समुद्राच्या फार खालच्या ओहोटीरेषेपासून मोजलेली असते. भूमापनाचे आकडे सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेले असतात. मुंबई बंदरात या दोन शून्यांमधले अंतर सुमारे २.५ मीटर आहे. बंदराच्या हिशेबाने मुंबईत उधाणाची सरासरी भरती ४.४२ मीटरपर्यंत चढते, भांगाची ३.३० मीटरपर्यंत. कांदळवन साधारणपणे सरासरी समुद्रसपाटीच्या वर आणि उधाणाच्या भरतीरेषेच्या खाली उगवते. म्हणजे त्याचा सगळा पट्टा दोन मीटरांच्या आत मावतो. एका तक्त्यातला आकडा दुसऱ्या तक्त्यात घातला, तर चूक त्या अख्ख्या पट्ट्यापेक्षा मोठी होते! नकाशा देखणा दिसतो, रंगही सुरेख भरलेले असतात, आणि रोपे लागतात ती कायम पाण्याखाली राहणाऱ्या जागी. यावर उपाय सोपा आहे आणि स्वस्तही. जवळच्या जिवंत कांदळवनात जायचे, तिथे तिवर कोणत्या उंचीपासून सुरू होतो आणि कुठे संपतो ते मोजायचे, आणि त्याच यंत्राने, त्याच खुणेपासून आपल्या जागेची उंची घ्यायची. मग शून्य कुठलेही धरा, फरक पडत नाही.

मुंबईचे आकडेही खाडीच्या पोटात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. खाडी अरुंद होत जाते, वळणे घेते, बांधाच्या खांडीतून आत शिरताना पाण्याचा जोर मोडतो. आत भरती उशिरा पोचते, कमी चढते आणि ओहोटीला पुरती उतरत नाही. हे तक्त्यात सापडत नाही. खुणा केलेली एक पट्टी बांधाच्या बाहेर रोवायची, एक आत रोवायची, आणि अमावस्या-पौर्णिमेची उधाणे व अष्टमीच्या आसपासचे भांग धरून किमान एक महिना दोन्ही पट्ट्यांवरची पातळी टिपायची. पाणी किती खोल येते, किती वेळ थांबते आणि महिन्यातून किती वेळा येते, या तीन गोष्टींवर कांदळवनाचे जगणे ठरते. अमेरिकन परिसरशास्त्रज्ञ रॉबिन लुईस यांनी हे आयुष्यभर सांगितले. फ्लोरिडातल्या वेस्ट लेक इथे त्यांनी जुना भराव उतरवला, भरतीचे ओहोळ मोकळे केले आणि कांदळाची रोपे लावली नाहीत. बिया भरतीबरोबर आल्या आणि रुजल्या. आपल्याकडे तर पावसाळ्यात तिवराच्या बियांचा खच किनाऱ्याला लागतो. जमीन योग्य उंचीवर असली आणि पाण्याला वाट असली की त्या रुजतातच. रुजत नसतील, तर अडचण बियांची नाही, जागेची आहे. ती शोधायची तर खड्डा खणावा लागतो.

खांडीपासून थोडे आत, जिथे शेवटचा भात होऊन काही वर्षे लोटली आहेत, अशा वाफ्यात कुदळीने मांडीभर खोल खड्डा घ्या. वरचा वीतभर थर तपकिरी दिसेल आणि त्यात भाताच्या जुन्या मुळांच्या वाटांनी गंजाच्या तांबूस रेघा असतील. पाणी साचले की मातीतला प्राणवायू संपतो, मग मातीतले जिवाणू लोहाच्या संयुगांवर श्वास चालवतात, लोह विरघळते आणि मातीचा तांबूसपणा जातो. मुळांवाटे जिथे हवा खाली पोचते तिथे तेच लोह पुन्हा गंजून बसते. म्हणून या रेघा म्हणजे पाणी भरल्याचा आणि उतरल्याचा दाखला असतो. त्याच्या खाली चार बोटे जाडीचा, सारवलेल्या भुईसारखा घट्ट थर लागेल. दरवर्षीच्या चिखलणीने आणि बैलांच्या पायांनी तो बनलेला असतो. भाताला पाणी धरून ठेवायला तो हवाच होता. कुदळ इथे अडते. तो फोडून खाली गेलात की निळसर राखाडी चिकणमाती, तिच्यात शिंपल्यांचे तुकडे आणि काळसर, दोऱ्यांसारखी झालेली कांदळाची मुळे. ही बांधाच्या आधीची जमीन. ढेकूळ मोडले की आतून काळे निघते, नाकाला सडक्या अंड्याचा वास येतो आणि हातात धरता धरता थोड्याच वेळात ते काळेपण फिके पडून राखाडी-तपकिरी होते. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटापासून जिवाणूंनी बनवलेले लोहाचे सल्फाइड हवेशी संयोग पावत असते.

अशा एका खड्ड्याच्या काठावर बसलेल्या आजींनी मला विचारले होते की खाली काळे लागले का. लागले म्हटल्यावर त्यांनी बोट करून दाखवले, त्या बाभळीपासून या कोपऱ्यापर्यंत सगळीकडे ते लागेल, इथून जुना ओहोळ जात होता आणि सासऱ्यांनी तो बुजवला. आम्ही त्या रेषेवर गिरमिटाने भोके घेत गेलो आणि बुजवलेला ओहोळ सापडत गेला. उपग्रहाच्या चित्रात त्याचा मागमूस नव्हता. तो ओहोळ परत मोकळा करणे हेच त्या जागेवरचे सर्वांत मोलाचे काम ठरले असते, हे सांगायला दुसऱ्या तज्ज्ञाची गरज नव्हती.

काळ्या थराची एक धोक्याची बाजू आहे. तो पाण्याखाली आहे तोवर निरुपद्रवी असतो. त्याला उघडा पाडून वाळू दिले, तर त्यातल्या पायराइटापासून गंधकाम्ल तयार होते आणि मातीचा सामू चाराच्या खाली जाऊ शकतो. केरळात कुट्टनाडच्या करी जमिनींत शेतकरी हे पिढ्यान्‌पिढ्या भोगत आहेत. कोकणातल्या प्रत्येक खारात हा धोका असेल असे मी म्हणत नाही. पण यंत्राने चर खणून काढलेला काळा गाळ बांधावर पसरायचा बेत असेल, तर आधी तपासा. खालच्या थराचे नमुने ओलसर ठेवून काही आठवडे हवेत राहू द्या आणि दर आठवड्याला सामू मोजा. तो उतरत गेला तर ती माती उघड्यावर टाकू नका. मुळांच्या भोकांच्या कडेने फिकट पिवळे डाग दिसले, तर आम्ल तयार झालेलेच आहे असे समजा.

मिठाची तपासणी मात्र एकदाच करून भागत नाही. वैशाखात पाणी वर ओढले जाऊन पृष्ठावर पांढरी पुटे चढतात, श्रावण-भाद्रपदात तीच जमीन जवळजवळ गोडी होते. विद्युत वाहकता मीटरला ४ डेसीसायमनच्या वर गेली की माती खारी म्हणायची, असा नियम आहे. भाताच्या शेतकऱ्याला तो कामाचा आहे. तिवराला त्याचे भय नाही, तो समुद्राच्या पाण्यात उभा राहतो. त्याला भय असते ते साचून आटणाऱ्या पाण्याचे. भरती आत आली आणि खळग्यात अडकली, उन्हाने आटली, पुन्हा आली, पुन्हा आटली, की तिथले मीठ समुद्राच्याही वर चढते. अशा जागी मोरस तेवढी तग धरते, आणि पुढे तीही मरते. खारातला मिठाचा नकाशा म्हणजे बहुतेक वेळा न निचरणाऱ्या पाण्याचाच नकाशा असतो.

निचऱ्याकडे मी मुद्दाम शेवटी वळतो आहे, कारण तो सर्वांत दुर्लक्षित राहतो. पाणथळ जागेला निचरा कशाला, असे लोक विचारतात. कांदळवनाला दिवसातून दोनदा श्वास घ्यावा लागतो. ओहोटीला पाणी उतरते तेव्हा मातीत हवा जाते, कुर्ल्या-चिंबोऱ्यांच्या बिळांतून पाणी खेळते, मुळांभोवतालचे विषारी सल्फाइड धुऊन निघते. पाणी येते हे सगळ्यांना दिसते. ते परत जाते की नाही हे पाहायला ओहोटीला, अनेकदा रात्री, चिखलात जावे लागते.

इंग्लंडमध्ये एसेक्सच्या किनाऱ्यावर टॉल्सबरी इथे १९९५ मध्ये सुमारे २१ हेक्टर शेतजमिनीचा सागरी बांध मुद्दाम फोडला गेला. तिथेही आतली जमीन खचलेली होती. सखल भागात गाळ साठत गेला, खाऱ्या दलदलीची झाडी उंच कडेपासून हळूहळू सरकत आली. त्या किनाऱ्यावरच्या अशा जागांच्या अभ्यासात पुढे दिसले की शेतीच्या काळात दबलेला जुना थर नव्या गाळाखाली तसाच राहतो आणि पाण्याला खाली उतरू देत नाही. आपल्या चिखलणीच्या थराची गोष्ट याहून निराळी असण्याचे कारण नाही. तेव्हा मातीत पाणी कसे उतरते ते मोजायला दोन प्रकारच्या नळ्या रोवाव्या लागतात : एक सबंध लांबीभर भोके पाडलेली, दुसरी फक्त तळाशी उघडी. घट्ट थराच्या वर आणि खाली पातळी निराळी दिसली, तर पाणी वरच अडकले आहे हे कळते. भोक घेताना ते चिंबोरीच्या बिळात गेले नाही ना हेही पाहा, नाहीतर माती सच्छिद्र असल्याचा खोटा निष्कर्ष निघतो.

उघाडीचेही तसेच. तिच्या उंबऱ्याची उंची कागदावर सापडते, प्रत्यक्षात तिच्यासमोर गाळ किती चढला आहे ते सापडत नाही. बांध घातल्यापासून ओहोळातून पूर्वीइतके पाणी जात-येत नाही, म्हणून बाहेरचा ओहोळ स्वतःला खरवडून खोल ठेवू शकत नाही. तो भरत जातो, उंबरा गाळाखाली जातो आणि उघाडी नावापुरती उरते. कित्येक खारांत शेती सुटण्याचे खरे कारण बांधाची खांड हे नाहीच, पावसाचे पाणीच बाहेर पडेनासे झाले हे आहे. अशा ठिकाणी बांध फोडण्याआधी उघाडीची झडप काही भरत्यांना उघडी ठेवून पाहता येते. आत किती पाणी येते, किती निघून जाते, कोणत्या कोपऱ्यात साचते हे बांध न मोडता कळते आणि चुकले तर झडप लावून माघार घेता येते. मला स्वतःला हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

आणि सगळीकडे कांदळवनच हवे, हा हट्टही सोडायला हवा. फिलिपाइन्समध्ये मोठा पैसा ओतून झालेल्या लागवडींचा आढावा युर्गेन प्रिमावेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये घेतला. दीर्घकाळ टिकलेल्या रोपांचे प्रमाण १० ते २० टक्के निघाले. कारण तेच, कांदळाची रोपे खालच्या उघड्या चिखलठाणावर लावली, जिथे ती निसर्गतः उगवत नाहीत. त्यातून दुहेरी नुकसान होते. उघडे चिखलठाण हीसुद्धा पाणथळ जागाच आहे. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी उतरतात ते याच चिखलावर चरायला. रामसर करारात ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेले समुद्राचे पाणीही पाणथळ जागेत धरले आहे, ते उगाच नव्हे. मातीने आणि पातळीने एखादी जागा चिखलठाणाची आहे असे सांगितले, तर तिथे निवटी आणि कालवे राहू द्यावीत.

आता जमिनीच्या मालकाबद्दल बोलले पाहिजे, कारण ही जमीन रिकामी नाही. याच खारपट्ट्यात १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीचा संप उभा राहिला आणि खोतांविरुद्ध शेतकऱ्यांनी जवळजवळ सहा वर्षे जमिनी नांगरल्या नाहीत. ज्या मातीसाठी त्यांनी उपासमार सोसली तिला ‘पडीक’ असा शब्द आपल्या अहवालात लिहिताना हात थांबला पाहिजे. आज त्या कुळांच्या नातवंडांची नावे सातबाऱ्यावर आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आणि २०१८ मध्ये अंतिम आदेश देऊन कांदळवनाच्या तोडीला राज्यभर मनाई केली, आणि ते आवश्यकच होते. पण त्याचा अर्थ असाही होतो की आपल्या वाफ्यात एकदा तिवर उभा राहिला की शेतकऱ्याला माघारी फिरता येत नाही. उघाडी दुरुस्त होऊन पुढे कधी भात घेता येईल, ही आशा तिथेच संपते.

तेव्हा उघाडीची झडप प्रयोगासाठी उघडण्याच्याही आधी, तपासणीचे निष्कर्ष ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवले जावेत. कोणत्या गटनंबरात पाणी किती चढेल, कुठे थांबेल, कुठे कांदळवन येण्याचा संभव आहे, कुठे तळे राहील आणि कुठे अजून भात होऊ शकतो, हे नकाशावर बोट ठेवून सांगितले जावे. ज्याच्या वाफ्यात पाणी चढणार आहे त्याला मोबदला कोण देणार, किती वर्षे देणार आणि मासळीचा हक्क कोणाचा राहणार, हे त्याच बैठकीत लेखी व्हावे. आणि एखाद्या शेतकऱ्याने नको म्हटले, तर त्याचा वाफा पाण्याच्या वाटेतून वगळून आराखडा पुन्हा काढावा, मग त्यासाठी आतला बांध आणखी लांब घालावा लागला तरी चालेल.